हक्कसोडपत्राचं भाषांतर

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाबरते असं नाही, पण मला तिकडचा अर्ज पुन्हा भरायचा आहे, आणि अर्ज तपासणारी माणसं आणखी काय काय वाचतात याचा आता मला भरवसा उरलेला नाही. एवढं सांगते की तिथे कांदा पिकतो, सारखा पाऊस पडतो आणि बस वेळेवर येते.

मी यंत्रांची ड्रॉइंग काढते. लग्नाआधी शिरूरजवळच्या एका कारखान्यात काढायची, महिन्याच्या पगारावर. लग्न होऊन दौंडला आले. नवरा रेल्वेत, सिग्नल खात्यात. राहायला रेल्वेचं क्वार्टर. दोन मुली झाल्या, दौंडहून शिरूरला रोज जाणं-येणं झेपेना, नोकरी सोडली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून मिळेल त्याची ड्रॉइंग काढू लागले. याला हल्ली फ्रीलान्सर म्हणतात. सासरचे लोक याला 'घरीच असते' असं म्हणतात.

सात वर्षांपूर्वी त्या देशातली एक छोटी कंपनी मला मिळाली. मालक, त्याची बायको आणि पंचवीस-तीस माणसं. कांदा निवडायची यंत्रं बनवतात. लहानपणी न्हावऱ्याला आमच्या कांदाचाळीत मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, हेच काम हातानं करायचो. मोठा कांदा एकीकडे, बारकी गोल्टी दुसरीकडे, जोड आणि सडका बाजूला. तेच काम करणाऱ्या यंत्रांचे रोलर, पट्टे आणि चौकटी मी सहा वर्षं काढत होते. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला लांबून दिसते. पण त्यातलं एकही यंत्र मी समोर उभं राहून चालताना पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मालकाचा मेल आला. नवीन यंत्र तयार होत होतं आणि वर्कशॉपमध्ये त्याची तीन दिवस चाचणी होती. त्यानं साधं लिहिलं होतं: तू आलीस तर या यंत्राचं पुढचं सगळं काम तुझं, येणं जमलं नाही तर इथल्याच एका ऑफिसला द्यावं लागेल, कारण यंत्रासमोर उभं राहून ठरवायच्या गोष्टी फोनवर ठरत नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सहा वर्षांत मी फोनवर किती 'हो, हो, समजलं' म्हटलं होतं आणि त्यातलं किती समजलं नव्हतं हे माझं मलाच माहीत होतं.

मी आनंदानं पुण्याला एका एजंटकडे गेले. दोन फोन, एक कान आणि चेहऱ्यावर सतत 'पुढचा' असा भाव असलेला हा माणूस. त्यानं आधी मला नियम सांगितला. बिझनेस व्हिसावर भेटता येतं, बोलता येतं, बघता येतं, सोबत जेवता येतं. काम करता येत नाही.

"मग मी तिकडे जाऊन काय करायचं?"

"चर्चा," तो म्हणाला. "फॉर्मवर चर्चा लिहा. पाना हातात घेतला की ते काम झालं. पान्याकडे बोट दाखवलं तर चर्चा."

इथवर मला हसू येत होतं. मग त्यानं यादी काढली. मालकाचं निमंत्रण, ठीक. बँकेचे कागद, आयकराचे कागद, ठीक. पुढे होतं, नोकरीच्या ठिकाणाहून रजा मंजूर झाल्याचं पत्र. मी म्हटलं, मी कुणाच्या नोकरीत नाही. तो म्हणाला, मग तुम्हाला रजा कोण देणार? मी म्हटलं, मीच घेणार. तो म्हणाला, मग तुम्हीच द्या, लेटरहेडवर. दौंड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी आयुष्यातलं पहिलं लेटरहेड छापून घेतलं आणि त्यावर स्वतःला सहा दिवसांची रजा मंजूर केली. खाली स्वतःच सही केली. झेरॉक्सवाल्यानं ते वाचलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

ते घेऊन पुन्हा एजंटकडे गेले तर तो म्हणाला, लेटरहेडला धंद्याची नोंदणी हवी. नोंदणीला धंद्याचा पत्ता हवा. माझा पत्ता रेल्वेच्या क्वार्टरचा, आणि क्वार्टरमध्ये धंदा करायला रेल्वेची मनाई. म्हणजे सहा वर्षं मी जे करत होते ते सरकारच्या लेखी कुठेच होत नव्हतं. एजंटनं डोळे मिटून विचारलं, घर स्वतःचं? नाही. मिस्टरांच्या नावावर फ्लॅट, प्लॉट? नाही, रिटायर झाल्यावर बघू म्हणतात. गाडी? मोटरसायकल, तीही त्यांची.

"मॅडम, असं बघा," तो म्हणाला, "त्यांना एवढंच पाहिजे असतं की तुम्ही तिकडेच राहून जाणार नाही. इकडे तुम्हाला ओढणारं काहीतरी दाखवावं लागतं. गावाकडे शेती असेल ना? सातबारा लावा."

मला ओढणारं काहीतरी. मी आठ दिवस पुण्याला नणंदेकडे गेले तरी रोज चार फोन येतात, कधी येणार म्हणून. मोठीची दहावी, धाकटीचा दमा, नवऱ्याला चहा सोडून काही करता येत नाही. पण याचा उतारा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही, म्हणून मी न्हावऱ्याला निघाले.

इथे मला एक मागची गोष्ट सांगायला हवी. आई लवकर गेली होती. वडील गेल्यावर शेतीच्या कागदावर दादाचं आणि माझं अशी दोन नावं लागली. वर्षभरानं मी माझा वाटा सोडल्याची सही करून दिली. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. आमच्याकडे बहिणीनं सही करायची असते. कुणी जबरदस्ती करत नाही, तशी वेळच येत नाही. दिवस ठरतो, गाडी ठरते, साडी आधीच आणून ठेवलेली असते. शिरूरच्या रजिस्ट्रार ऑफिसात माझा फोटो काढला, अंगठा घेतला, आणि टेबलापलीकडच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" मी हो म्हटलं. मग आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे खरं आहे. माझ्या चारही मैत्रिणींनी सह्या केल्या होत्या, आणि जिनं केली नाही तिचं माहेर कसं तुटलं हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

तर दौंडहून पाटस, पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागे पाऊण तास, पुढे चौफुला, आणि तिथून शिरूरची एसटी पकडून मी न्हावऱ्याला पोचले. दादाला सगळं सांगितलं. परदेशाचं ऐकून तो इतका खूश झाला की त्यानं पहिल्यांदा शेजारच्या तिघांना बोलावून सांगितलं. मग पत्र्याची पेटी काढली.

सातबारा त्याच्याकडे ताजा होता, पण त्यावर एकट्याचंच नाव. "तुझं न्हाई दिसायचं ह्यात," तो म्हणाला, आणि पेटीत खोल हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतला जाड कागद वर काढला. हक्कसोडपत्र.

"ह्यो घे. ह्यात पानापानाला तुझं नाव हाय. फोटू हाय, आंगठा हाय, सरकारी शिक्का हाय. ह्याच्यापेक्षा पक्का कागुद कुणाचा आसतोय?"

आणि मला ते पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा पटलं. शेतीच्या सगळ्या कागदांत माझा फोटो असलेला तो एकच होता. गट नंबर होता, वडिलांचं नाव होतं, मी त्यांची मुलगी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शिवाय आमची सगळी हयात तहसीलच्या खिडकीसमोर गेलेली. तिथे एक कागद कमी पडला तर हेलपाटा पडतो, चार जास्त लावले तर कुणी काही म्हणत नाही. फाइल जाड असली की कारकून जरा सरळ बसतो. म्हणून आम्ही सातबारा घेतला, नावं बदलल्याचे जुने फेरफार घेतले, हक्कसोडपत्र घेतलं, आणि दादानं वरून दूध डेअरीचं त्याचं सभासद कार्डही दिलं. "आसू दे," म्हणाला.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. पुण्यात कोर्टाजवळ एक बाई ते करून, शिक्का मारून देतात. चार दिवसांनी गठ्ठा मिळाला. मी तो वाचला नाही. मला काय लिहिलंय ते माहीतच होतं. पुण्यातल्या व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, फाइल दिली. काउंटरवरच्या ब्लेझर घातलेल्या मुलीनं जाडी बघून भुवया उंचावल्या तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. आत एक छापील कागद होता, त्यावर कारणांच्या चौकोनांची रांग, आणि एका चौकोनात खूण. ठरलेल्या मुदतीत परत जाण्याचा तुमचा इरादा आहे याबद्दल आम्हाला शंका वाटते, असा त्याचा अर्थ. बाकी काही नाही.

संताप आला तो आधी त्यांचा. पुण्याहून दौंडच्या गाडीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात त्यांना जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. ज्या बाईला न्हावऱ्याला मुक्काम करायचा तर दोन दिवस आधी स्वयंपाक करून ठेवावा लागतो, ती म्हणे तिकडे राहून जाणार. मग उरुळीच्या आसपास मी फाइल उघडली आणि पहिल्यांदा ते भाषांतर वाचलं.

बाईंनी काम चोख केलं होतं. चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की मी, खाली सही करणार, माझ्या वडिलांच्या जमिनीतला, घरातला आणि विहिरीतला सर्व हक्क कुणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं आणि कायमचा सोडत आहे. यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा या मिळकतीशी काहीही संबंध राहिलेला नाही आणि राहणार नाही. खाली माझा फोटो. तोंड अर्धवट उघडं. त्यावर पुण्याच्या नोटरीचा शिक्का, म्हणजे सगळं खरं आहे.

इकडे मला ओढणारं काय आहे असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी त्यांना शिक्क्यासकट हे दिलं होतं. आमच्याकडे कागद मोजतात, तिकडे वाचतात, एवढाच फरक. त्या खुर्चीत मी असते तर मीही व्हिसा दिला नसता, आणि हे कळल्यावर राग कुणावर काढायचा हेच कळेना. दौंडला उतरून रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

मालकाला कळवलं. त्यानं चाचणी दोन महिने पुढे ढकलली आणि खाली लिहिलं, यापुढे मला थांबता येणार नाही. दादाला फोनवर सांगितलं. "म्हंजी माझ्यामुळं झालं व्हय," म्हणाला. मी नाही म्हटलं, पण फार जोरात म्हटलं नाही.

रविवारी सकाळी तो आणि वहिनी दौंडला आले, अर्धं पोतं कांदा आणि एक युक्ती घेऊन. युक्ती वहिनींची असावी, कारण दादा बोलत होता आणि त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"आपुन आसं करू," दादा म्हणाला. "इहिरीकडचा तुकडा तुझ्या नावावर करू. बक्षीसपत्र. तलाठी वळखीचा हाय, म्हैन्यात नोंद हुती. सातबाऱ्यावर तुझं नाव आलं की झालं तुझं काम."

विहिरीकडचा तुकडा. तिथे चिंचेखाली बसून आम्ही अभ्यास करायचो.

"आन् तू जाऊन आलीस की," तो पुढे म्हणाला, "पुन्हा एक सही दिऊन टाक. व्हिसापुरतं लावायचं."

चहा घ्यायला मी आत गेले. कपात चहा ओतला, तो बशीत सांडला, पुसला. बाहेर येऊन विचारलं, "आणि नाही दिली सही तर?"

दादा हसला. त्याला खरंच चेष्टा वाटली. वहिनी हसल्या नाहीत.

"वन्सं, आसं काय बोलताय," त्या म्हणाल्या. "तुमाला काय कमी हाय?"

मी नको म्हणाले. मोठ्या मनानं वगैरे नाही, रागानं म्हणाले. माणसं प्रेमानं कांदे घेऊन येतात, तुमच्यासाठी जमीन द्यायला तयार होतात आणि त्याच वाक्यात ती परत मागतात, आणि त्यांना यात काही वावगं वाटत नाही. ती गेल्यावर नवरा म्हणाला, "घ्यायचं होतं की. कागदच तर लागत होता." मी त्या दिवशी त्याच्याशीही बोलले नाही. क्वार्टरमधल्या दोन खोल्यांत न बोलणं किती अवघड असतं ते रेल्वेवाल्यांनाच माहीत.

दुसऱ्या अर्जात मी शेतीचा एकही कागद लावला नाही. एजंटलाही विचारलं नाही. पत्र स्वतःच लिहिलं. माझ्याकडे घर नाही, जमीन नाही, साहेब नाही. जमीन होती ती मी भावाला दिली, कारण आमच्याकडे तशी रीत आहे; मागच्या वेळी तो कागद मी चुकून लावला होता. सहा वर्षं मी या लोकांचं काम करते, त्याचे हे मेल आणि ही ड्रॉइंग. मला दोन मुली आहेत, एकीची दहावी आहे. मी परत येईन, कारण मी इथे राहते. शेवटच्या वाक्यापुढे काहीतरी वजनदार लिहावं म्हणून दोन दिवस घालवले, पण सुचलं नाही.

ब्लेझरवाल्या मुलीनं विचारलं, "मागच्या वेळी लँड पेपर्स होते ना?"

"काढले," मी म्हटलं.

व्हिसा मिळाला, मोजून सहा दिवसांचा. का मिळाला ते मला आजही माहीत नाही. नाकारताना निदान एका चौकोनात खूण तरी केली होती. सोबत एक चिठ्ठी होती: परतल्यावर आठवड्याच्या आत पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हा आणि परत आल्याचं दाखवा. म्हणजे विश्वास ठेवला, पण हजेरी घेणार होते.

त्या सहा दिवसांचं मी फार सांगत नाही. गावात सगळ्यांना तेच ऐकायचं असतं आणि मला कंटाळा आला आहे. यंत्र मोठं होतं. मी काढलेला प्रत्येक बोल्ट जागेवर होता. पट्टा सुरू झाला, कांदे उड्या मारत रोलरवर आले, मोठे इकडे, बारके तिकडे. मालकानं आधीच बजावलं होतं की कशाला हात लावायचा नाही. एवढ्याशा कंपनीला दंड परवडणारा नव्हता. मी तीन दिवस पाठीमागे हात बांधून उभी होते, शाळेत तपासणीला साहेब आले की पोरं उभी राहतात तशी. दुसऱ्या दिवशी सुटी सालं रोलरच्या फटीत अडकायला लागली. का अडकतात ते मला बघताक्षणी कळलं. फट माझीच होती, आणि त्यांच्या कांद्यापेक्षा आमच्या कांद्याला ती बरोबर बसली असती. मी नकळत पट्ट्यावरचा एक कांदा उचलला. मालकाचा चेहरा उतरला आणि त्यानं दाराकडे बघितलं. मी विचारलं, कांदा उचलणं हे काम की चर्चा? त्याला खरंच विचार करावा लागला. मग मी तो खाली ठेवला, बोटानं फट दाखवली, आणि त्यांच्या फिटरनं पाना फिरवला. काम मला मिळालं. पुढच्या दोन वर्षांचं, लेखी.

परत आल्यावर चौथ्या दिवशी पुण्याला हजेरी द्यायला गेले. मुलीनं पासपोर्टातला परतीचा शिक्का बघितला, झेरॉक्स घेतली, ओके म्हणाली. दोन मिनिटं लागली असतील. मी तिथेच उभी राहिले. तिनं विचारलं, अजून काही? मी नाही म्हटलं. मला तिच्याकडून एखादा कागद हवा होता बहुतेक, ही बाई बोलल्याप्रमाणे परत आली असा. तसा कागद नसतो.

बाहेर आले आणि दौंडची गाडी न पकडता शिरूरची एसटी पकडली. कोरेगाव भीमाला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. तेवढ्या वेळात मन बदलायला हरकत नव्हती, पण बदललं नाही. शिरूरहून दुपारी न्हावऱ्याला पोचले.

दादा कांदाचाळीत खाली बसून कांदा निवडत होता. मला बघून त्याला फार आनंद झाला. विमान कसं होतं, तिकडे भाकरी मिळाली का, गारठा किती, सगळं विचारलं. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं की विहिरीकडच्या तुकड्यावर माझं नाव लाव.

"आता कशाला?" तो म्हणाला. "जाऊन आलीस की."

"व्हिसापुरतं नको. तसंच लाव."

त्याचे हात थांबले नाहीत. मोठा इकडे, गोल्टी तिकडे. निवडता निवडताच तो म्हणाला, "दिऊ की. तू काय परकी हाय का? पर उद्या तू इकलास तुकडा तर? तुझ्या मनात काय हाय ते मला कसं कळायचं?"

तो वाईट माणूस नाही. मला खोकला झाला तर न्हावऱ्याहून दौंडला मध घेऊन येतो. पण मला तो छापील कागद दिसला, चौकोनांची रांग, आणि त्यातला एक खूण केलेला चौकोन. तिकडच्यांना भीती होती की मी परत जाणार नाही. इथे माझ्या भावाला भीती होती की मी परत आले तर.

"लिहून देऊ का, विकणार नाही म्हणून?" मी विचारलं.

त्यानं वर बघितलं. त्याला ते पटल्यासारखं दिसलं, आणि मला रडू यायचं तेवढं त्याच क्षणी आलं. मी तोंड फिरवलं आणि समोरच्या ढिगातला कांदा उचलून निवडायला लागले. इथे मला हात लावू नको असं कुणी म्हणालं नाही. पस्तीस वर्षांत कधीच म्हटलेलं नाही.

"दिवाळी होऊ दे," दादा म्हणाला. "मग बघू."

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्यासाठी आलं ठेचून घातलेला, मला आवडतो तसा. कप हातात देऊन त्यांनी विचारलं, जे त्या गेली अठरा वर्षं दर वेळी विचारतात, मायेनंच विचारतात, आणि मीही दर वेळी गाडीची वेळ सांगून टाकते.

"वन्सं, परत कवा जायाचं?"

दादानंही हातातलं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी चहाचा एक घोट घेतला.

"आज नाही," मी म्हटलं, आणि कधी ते सांगितलं नाही.